दोन बोटांची जागा

गळ्याचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं घालायची, हे मास्तर सोळाव्या वर्षी शिकले. एकही बोट घातलं नाही तर कॉलर फास देते. तीन घातली तर मानेभोवती बांगडीसारखी फिरते. दोन बोटं म्हणजे माणसाला गिळायला, बोलायला, मान वळवून बघायला लागणारी जागा. ती मापात धरायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची नाही. आता मास्तर बावन्न वर्षांचे होते, आणि इतक्या वर्षांत त्यांची ती दोन बोटं किती मानांभोवती फिरली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुकान लहानच. समोर आरसा आणि माप घ्यायची जागा, मध्ये कापायचं लांब टेबल, मागच्या भिंतीला लागून अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. वर पोटमाळ्यावर दोन मशीन आणि कापडाचे तागे. दाराजवळच्या बुटक्या खुर्चीत मास्तरांची बायको बसायची. काज-बटण तिच्याकडे आणि मापाची वहीही तिच्याकडे.

मास्तरांनी आकडा बोलायचा, तिने तो परत म्हणायचा, आणि मगच लिहायचा, असा दुकानाचा नियम होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मास्तर ‘अठ्ठावीस’ म्हणाले आणि तिने ‘अडतीस’ ऐकलं. एका काटकुळ्या गिऱ्हाइकाची पँट अशी तयार झाली की तिच्यात तो आणि त्याचा भाऊ दोघं मावले असते. तेव्हापासून न म्हटलेला आकडा वहीत गेला नाही. एका बाबतीत मात्र मास्तर नियमाला जरा मुरड घालत. ढेरपोट्या गिऱ्हाइकाच्या पोटाचा आकडा ते कुजबुजत सांगत. बायको तो खणखणीत आवाजात परत म्हणे.

“जरा हळू म्हणत जा गं,” गिऱ्हाईक गेल्यावर मास्तर म्हणत.

“हळू म्हटल्यानं पोट कमी होतं का?”

मास्तरांच्या स्वतःच्या शर्टाच्या गळ्याचं बटण कायम लावलेलं असायचं. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. टेलरच खुल्या गळ्यानं उभा राहिला तर गिऱ्हाइकानं त्याच्या कॉलरवर भरवसा कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा गळा पंधरा, कंबर चौतीस. वर्षानुवर्षं तोच आकडा. स्वतःचं माप ते स्वतःच आरशासमोर घेत आणि बायकोला सांगत. ती मान वर न करता म्हणायची, “पंधरा. चौतीस. पुढे?”

त्या वर्षी थंडी सुरू होता होता एका सकाळी त्यांना गळ्याचं बटण लावायला त्रास झाला.

“कापड आखडलंय. उकळत्या पाण्यात टाकतेस काय माझे शर्ट?”

“तुमचे आणि माझे कपडे एकाच बादलीत असतात. माझे नाही आखडले.”

“तुझ्या कपड्यांना शिस्त आहे.”

ती हसली आणि विषय तिथेच संपला. मास्तर पोटमाळ्यावर गेले, बटण काढलं आणि पाव इंच पुढे सरकवून लावलं. खरं तर बटण लावायचं काम तिचं. पण तिला दिलं असतं तर तिने विचारलं असतं, आणि सांगण्यासारखं काही नव्हतंच. कपडा कुठेतरी आवळतो, त्याला जागा करून द्यायची. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

काखेत एक गाठ हाताला लागत होती, तीही त्यांनी मनावर घेतली नाही. सुईचं काम करणाऱ्या कुणालाही अवधाण ठाऊक असतं. सुई खोल जाते, बोट पिकतं आणि त्या बाजूच्या काखेत गाठ धरते. दोन दिवस हात वर करवत नाही. बोट बरं झालं की गाठ आपोआप बसते. मास्तरांना ते इतक्या वेळा आलं होतं की त्यांना त्याचं पडशाएवढंही कौतुक नव्हतं. त्याच महिन्यात डाव्या तर्जनीत सुई घुसली होती. म्हणजे हे तेच. मानेवरच्या दोन-तीन गाठी? ते दाढेचं असणार. एक दाढ अधूनमधून ठणकतच होती. शिवाय या गाठी अजिबात दुखत नव्हत्या. दुखत नाही म्हणजे उतरणीला लागलंय, असा त्यांनी अर्थ लावला, आणि तो त्यांना इतका पटला की एप्रिल उजाडेपर्यंत त्यांनी तो पुन्हा तपासला नाही.

दरम्यान जिना वाढला. पायऱ्या अकराच होत्या, पण सातवीवर थांबावं लागायचं. मास्तर कठड्याला हात टेकून खाली दुकानाकडे नजर टाकत, जणू कारभार बघायलाच थांबलेत. श्वास जागेवर आला की उरलेल्या चार चढत. पुढे पुढे त्यांनी वर जाण्याची कामंच एकत्र करायला सुरुवात केली. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

आणि थकवा. कामाचा थकवा मास्तरांना माहीत होता. तो पाठीत येतो, पायांत उतरतो आणि झोपलं की जातो. हा वेगळा होता. सकाळी डोळे उघडावेत तर हा आधीच जागा होऊन उशाशी बसलेला. उशीचा अभ्रा घामानं ओला. टेबलाशी उभं राहून एक शर्ट कापला की वाटे, जरा टेकावं. बावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण पोरवयही नव्हे, असं ते स्वतःला समजावत. चष्म्याचा नंबर वाढतो, तसाच हाही वाढत असेल.

पँटी सैल झाल्या. त्यांनी त्या कमरेत आत घेतल्या. जुनं गिऱ्हाईक असलेले एक निवृत्त कारकून म्हणाले, “मास्तर, काय करता काय तुम्ही? पोट गेलं कुठे?”

“तुम्हाला दिलं,” मास्तर म्हणाले, आणि कारकून पोट धरून हसले. तो दिवस मास्तरांचा बरा गेला.

गळा वाढवायचा आणि कंबर आवळायची, ही दोन कामं एकाच माणसाच्या कपड्यांवर त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. दुसरं कुणी असतं तर त्यांनी टेप खाली ठेवली असती आणि विचारलं असतं, बाबा रे, तब्येत बरी आहे ना तुझी?

जानेवारीत स्वतःचं नवं माप घ्यायची वेळ आली तेव्हा ते आरशासमोर उभे राहिले. गळ्याला टेप लावली. दोन बोटं आत घातली आणि आकडा बघितला. मग एक बोट बाहेर काढलं. “सव्वापंधरा,” ते म्हणाले.

“सव्वापंधरा,” बायको म्हणाली. लिहिताना तिने क्षणभर वर बघितलं. “वाढला?”

“वयानं वाढतो.”

एप्रिलमध्ये इस्त्री करताना तिच्या हातात त्यांच्या एका शर्टाचं गळ्याचं बटण निघून आलं. तिने ते लावायला घेतलं आणि सुई हवेतच राहिली. कापडावर बटणाच्या तीन जागा होत्या. चार-चार भोकांचे तीन पुंजके, एकाशेजारी एक, काठाकडे सरकत गेलेले. शेवटच्या जागी दोऱ्याचा तुकडा उरला होता, बुडाशी तीन वेढे घातलेला. ती दोनच वेढे घालते. तीन मास्तर घालतात.

तिने दांडीवरचे बाकीचे शर्ट उतरवले. सगळे बघितले. मग पँटी उलट्या करून कमरेच्या शिवणी बघितल्या. एकीत जुनी शिवण, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत तिसरी. तिने सगळं घडी घालून ठेवलं आणि डबा घेऊन दुकानात गेली. जेवण झालं. मास्तरांनी अर्धा डबा परत केला. तिने दार ओढून घेतलं.

“आरशासमोर उभे राहा.”

“कशाला?”

“माप घ्यायचंय.”

“शर्ट शिवतेस की काय मला? कापड तरी दाखव.”

“वही धरा,” ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती, म्हणून त्यांनी वही धरली.

चोवीस वर्षं तिने टेप बघितली होती, पण हातात घेऊन कुणाच्या गळ्याला लावली नव्हती. तिने गळ्याचं बटण काढलं, टेप फिरवली आणि मास्तर घालत तशी दोन बोटं आत घातली. बोटांखाली गाठी लागल्या. जबड्याखाली दोन, बाजूला एक आणि खाली हासळीच्या हाडावरच्या खळगीत आणखी एक, भिजवलेल्या हरभऱ्याएवढी. रबरासारखी. तिने बोटं तिथेच ठेवली.

“सव्वासोळा,” ती म्हणाली.

मास्तर आरशातल्या टेपकडे बघत राहिले.

“सव्वासोळा.”

आरशात दोघं दिसत होती. मास्तरांच्या हातात पेन्सिल होती आणि ती कागदावर टेकली नव्हती.

“परत म्हणायचं असतं,” ती म्हणाली. “नियम कुणाचा आहे?”

मग मास्तर म्हणाले, “त्या दिवशी मी एक बोट काढून घेतलं होतं.”

तिने टेप सोडली नाही. “किती महिने?”

“अवधाणच आहे गं.”

“अवधाण एवढे दिवस राहतं? आणि दोन्हीकडे?” टेप खाली कमरेवर आणत ती म्हणाली, “एकतीस.”

“एकतीस,” मास्तर म्हणाले आणि लिहिलं. मग वरच्या ओळीत, हळूच, सव्वासोळाही लिहिलं.

डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी मास्तरांना शर्ट काढायला लावला. जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजू, हासळीच्या वर, काखा आणि मग जांघा बोटांच्या टोकांनी चाचपल्या. सावकाश, एकही जागा न गाळता. मास्तर बघत होते. हात शिकलेला आहे, त्यांच्या मनात आलं.

“खोल श्वास घ्या. धरा.”

“आम्ही उलटं सांगतो बाई. छातीचं माप घेताना लोक श्वास धरतात, आम्ही सोडायला लावतो.”

“मग सोडा आता,” त्या म्हणाल्या. हसल्या, पण थोडंच. “या गाठी कधीपासून आहेत?”

“झाले थोडे दिवस.”

“सगळे असंच सांगतात. थोडे म्हणजे?”

बायकोने पिशवीतून वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. गेल्या वर्षीची तारीख, गळा पंधरा, कंबर चौतीस. या जानेवारीची तारीख, सव्वापंधरा. “हे खोटं आहे,” ती म्हणाली. “एका बोटाचं आहे. खरं पावणेसोळाच्या पुढे धरा.” मग कालचं. आणि शेजारी तिने स्वतः लिहिलेलं : बटण पहिल्यांदा सरकलं, नोव्हेंबर.

डॉक्टरीणबाईंनी वही दोनदा वाचली. “इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “दुखतात का या?”

“नाही. म्हणून तर मी…”

“दुखत असत्या तर मला कमी काळजी वाटली असती.”

मग त्यांनी नीट समजावलं. या ग्रंथी प्रत्येकाच्या अंगात असतात, मानेत, काखेत, जांघेत, छातीच्या आत, पोटात. जखम झाली, जंतू शिरले की जवळची ग्रंथी कामाला लागते, सुजते, दुखते. तेच अवधाण. काम संपलं की दोन-तीन आठवड्यांत ती बसते. जी बसत नाही, दुखत नाही, वाढत जाते, तिला विचारावं लागतं की तू का उठलीस. त्यातून हासळीवरची गाठ असेल तर थांबायचंच नाही. सोबत वजन उतरत असेल, रात्रीचा घाम येत असेल तर मुळीच नाही.

“आणि दम?”

छातीचा फोटो काढला तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. दोन फुप्फुसांच्या मध्ये, जिथे काळ्यात पांढरी अरुंद पट्टी असायला हवी, तिथे ती दोन्ही बाजूंना फुगली होती. आतल्या गाठींनी श्वासनळीची जागा अडवली होती. मास्तर फोटोकडे बघत राहिले. आत कुणीतरी दोन बोटं न घालताच कॉलर लावली होती.

“हा क्षय असू शकतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कधीकधी ग्रंथी दुसऱ्याच एका आजारानं फुगतात, जो बराचसा आपोआप बसतो. आणि ग्रंथींचा कर्करोगही असू शकतो. तिन्हींची औषधं वेगळी. अंदाजानं औषध देऊन चालणार नाही. एक गाठ अख्खी काढून बघू.”

“सुईनं थोडंसं काढून नाही भागणार?” बायकोने विचारलं.

उत्तर मास्तरांनीच दिलं. “एका धाग्यावरून कापड ओळखता येत नाही. वीण बघावी लागते.”

“अगदी हेच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मानेतली एक गाठ भूल देऊन काढली. तीन टाके पडले. घरी आल्यावर मास्तरांनी आरशात टाके बघितले आणि मान हलवली. “बरे घातलेत. शेवटचा जरा ओढलाय.”

अहवालाला बारा दिवस लागले. मुलगी परगावी नोकरीला होती. ती रोज फोन करायची आणि हवापाण्याच्या गोष्टी करायची. फोन ठेवताना न चुकता म्हणायची, “बाबा, जिना चढू नका हं.” मास्तर म्हणायचे, “तूच ये आणि तागे उतरवून दे.” बाराव्या दिवशी ती खरंच आली.

ग्रंथींचा कर्करोग. डॉक्टरीणबाईंनी शब्द टाळला नाही, आणि तो उच्चारून गप्पही बसल्या नाहीत. या प्रकारावर औषधं चालतात. सलाइनमधून द्यायची, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. बरीच माणसं बरी होतात. सगळी होत नाहीत. केस जातील, उलट्या होतील, तोंड येईल, आणि हे सगळं मागे पडेल.

“आणखी एक आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचं काम बघता आधीच सांगते. यातल्या एका औषधानं बोटांची टोकं बधिर होतात. काहींची नंतर सुधारतात, हळूहळू. काहींची पूर्ण सुधारत नाहीत.”

मास्तरांनी आपले हात बघितले. “ते एक औषध वगळलं तर?”

“फारच त्रास झाला तर मात्रा कमी करता येते. पण सुरुवातीलाच वगळलं तर आजार हटायची शक्यताही कमी होते. मी तसा सल्ला देणार नाही. ठरवा तुम्ही.”

त्यांनी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मास्तरांनी काम सोडलं नाही. कारकुनांचा शर्ट कापायचा होता. कापड हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा-तर्जनीत चोळलं. किती धुण्यांनी मऊ पडेल, कुठल्या बाजूला ओढेल, इस्त्री किती सोसेल, हे सगळं त्या दोन बोटांना कळायचं. डोळ्यांना नाही. चष्मा जाड झाला तेव्हा ते घाबरले नव्हते, ते याच भरवशावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी नको म्हणत असतानाही ते कॉलरच्या आत घालायचं बकरम आणायला जिना चढले आणि सातव्या पायरीवर बसले. पुढे जाता येईना आणि खाली उतरायलाही जीव होईना. बायको आली. त्यांच्या खाली दोन पायऱ्या सोडून बसली. मुलगी जिन्याशी आली, दोघांकडे बघितलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली.

श्वास पुरेसा जमल्यावर मास्तर म्हणाले, “बोटं गेली तर मी काय करू?”

“आकडे लिहाल.”

“माझं अक्षर…”

“घाण आहे. माहीत आहे मला.”

मास्तर हसायला गेले, पण खोकला आला. तो थांबेपर्यंत तिने वाट बघितली.

“मी टेप धरली तेव्हा माझी बोटं गाठीवर होती,” ती म्हणाली, “आणि तुम्ही गप्प होता. मी दोनदा म्हटलं, तरी गप्प. तेव्हा मला वाटलं, आता हे पुन्हा कधीच आकडा परत म्हणणार नाहीत. बोटांचं मी बघेन. तुम्ही बोलत राहा फक्त.”

लोखंडी पायरी गार होती. खाली टेबलावर कारकुनांचा शर्ट अर्धा कापून पडला होता.

“त्यांची डावी बाही अर्धा इंच जास्त धर,” मास्तर म्हणाले. “खांदा उतरलाय त्यांचा. मी वहीत कधी लिहिलं नाही.”

“अर्धा इंच,” ती म्हणाली.

सहाही सलाइनी झाल्या. मधले महिने सांगण्यासारखे नाहीत. केस गेले, अंगात काही राहीना, चवथ्या वेळी ताप चढला आणि आठ दिवस दवाखान्यातच गेले. दम मात्र दुसऱ्या वेळेनंतरच कमी झाला. जिन्याच्या पायऱ्या पुन्हा अकरा झाल्या. आणि तिसऱ्या वेळेनंतर टेबलावरची टाचणी उचलता येईना. टाचणी डोळ्यांना दिसायची, बोटं तिच्यावर मिटायची आणि रिकामीच वर यायची. मास्तर तिच्याकडे बघत बसत. मग बायको येऊन लोहचुंबकानं टाचण्या गोळा करून नेई.

शेवटच्या तपासणीचे फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता गाठी दिसत नाहीत. बघत राहायचं. आधी तीन महिन्यांनी, मग सहा.”

“आणि हे?” मास्तरांनी बोटं दाखवली.

“वर्षभर वाट बघू. शब्द देत नाही.”

आता दुकानात आरशासमोर बायको उभी असते आणि बुटक्या खुर्चीत मास्तर. पहिल्यांदा कारकूनच आले. तिने त्यांच्या पोटाला टेप लावली आणि कुजबुजत म्हणाली, “चव्वेचाळीस.”

“चव्वेचाळीस,” मास्तर खणखणीत म्हणाले.

“अहो, हळू,” कारकून म्हणाले.

ते गेल्यावर मास्तर खुर्चीतून उठले आणि आरशासमोर जाऊन उभे राहिले. डोक्यावर लव आली होती. गळ्याचं बटण लावलेलं होतं. तिच्या हाताचं, दोन वेढ्यांचं.

“माझंही घे.”

तिने टेप फिरवली. ती बोटं घालायला गेली तसे मास्तर म्हणाले, “थांब, मी घालतो.” आणि त्यांनी टेपच्या आत आपली दोन बोटं सरकवली. बोटांना मान कळली नाही. पण मानेला बोटं कळली, थोडी गार, दोन, शेजारी शेजारी.

“साडेचौदा,” ती म्हणाली.

“साडेचौदा,” मास्तर म्हणाले. “लिही तू. माझे हात गुंतलेत.”